चार दिवसांची चिठ्ठी

मायं नाव पंचफुला. माहेर पवनी तालुक्यातलं कोंढा, अन् सासर हे, दिघोरीच्या अजून थोडं आत, लाखांदूर तालुका. आपला जिल्हा फुटला अन् गोंदिया वेगळा झाला ना, त्याच साली मी लग्न होऊन इथं आली, म्हणून सासू मले चिडवे का तू आली अन् जिल्ह्याचे दोन तुकडे झाले, अन् मी म्हणो, हो न, आता घराचे करतो. अशी मायी जीभ, पहिल्यापासूनच. मायनं या जिभेपायी लय मारलं मले, पण ते काही आखूड झाली नाई. तुमी लिहून घ्या म्याडम, सारं लिहा, हे नको लिहू ते नको लिहू असं मी म्हणणार नाई. लाज होती तवा होती.

कोंढ्याले बाप दुसऱ्याच्या वावरात सालदार होता. आज्यानं धम्म घेतला तवापासून घरात शिकाचं वेड, भाऊ शिकले, एक मास्तर झाला, पण मी चवथीवरच थांबली, कारण पाऊस लागला का मी शाळेत जाच्या ऐवजी धानाच्या बांधीत जाऊन उभी राहो. मले रोवण्याचीच आवड, काय सांगू तुमाले. छापलेलं वाचता येते मले, हळूहळू पुस्तक वाचतो, सही करतो, पण ते हातानं घसरवलेलं अक्षर, डॉक्टर लिहिते तसं, ते नाई येत. हे आधीच सांगून ठेवतो, कारण समोरची सारी भानगड तिथंच आहे.

आता रोवणा म्हणजे काय, तर धानाची रोपं उपटाची, पेंड्या बांधाच्या, चिखल केलेल्या बांधीत फेकाच्या, अन् मंग आमी बाया एका लायनीनं वाकून रोवत रोवत मागं सरकतो. प्रत्येकीची आपली पात, म्हणजे रोवाचा पट्टा. सकाळी वाकलं का शिदोरी सोडेपर्यंत कंबर सरळ होत नाई, घोट्यावर पाणी, वरून पाणी. अन् त्यात मी अशी होती म्याडम, का माया हात दिसे ना. पेंडी हातात घेतली का संपली. लग्नाच्या दुसऱ्याच साली बायाईनं मलेच मुकादम केलं, अकराजणीची टोळी, अन् इथून लाखांदूरपर्यंत शेतकरी म्हणत का पंचफुलाची टोळी मिळाली तं रोवण्याची फिकीर नाई. गुत्त्यानं घेत होतो आमी, एकराच्या हिशोबानं, म्हणजे जेवढं लवकर सरलं तेवढं दुसरं वावर धराले मोकळ्या. मी फुगून गेली होती हे खरं आहे. आजबी फुगतो, खोटं कायले बोलू.

अन् आमच्यात एक पद्धत होती, कोंडाची. जे बाई मागं राहिली तिच्या बाजूच्या दोघी आपली पात सारून तिच्या पाठीमागून आडव्या रोवत जात, मंग ते बाई चहूबाजूनं धानात कोंडली जाये, निघाले वाट नाई, अन् साऱ्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभ्या राहून टाळ्या पिटत. मजा होती ते, गाणं म्हणत, पण जिले कोंडलं तिच्या जिवाले लागे. मले कधी कोणी कोंडलं नाई. मीच साऱ्याईले कोंडो.

दुसरी एक गोष्ट सांगतो मंग गोळीवर येतो. गावात मोहाची दारू लय होती. मायाच घरी नव्हती, आमचे मालक म्हणजे माये यजमान दारूले शिवत नाई, पण शेजारी-पाजारी रोजचा धिंगाणा. मंग आमी महिला मंडळ काढलं, मी अध्यक्ष, अन् याच अकराजणी घेऊन मीनं नाल्याच्या काठावरच्या भट्ट्या फोडल्या. एकजण अंगावर धावून आला तं मीनं त्याच्याच हंड्याचं झाकण त्याले दाखवलं. तालुक्याहून लोक आले, सत्कार केला, शाल दिली. दर पौर्णिमेले विहारात वंदना होये, पंचशील म्हणत होतो, त्यातलं पाचवं शील नशेचं, का नशा करणार नाई, ते आलं का मायाच आवाज साऱ्यात मोठा. मले वाटे, हे शील तं मायंच आहे.

आता गोळी. दुसरं लेकरू झालं, पोटाचं ऑपरेशन झालं, अन् त्यानंतर कंबर जे गेली ते गेली. एका रोवण्यात तिसऱ्या दिवशी मी वाकली ते उठलीच नाई, दोघीईनं धरून धुऱ्यावर नेलं. बाजाराच्या दिवशी एक डॉक्टर बसे तिकडच्या मोठ्या गावात, त्याच्याकडं गेली. त्यानं कंबर दाबून पाहिली, चिठ्ठी लिहून दिली, मेडिकलवाल्यानं गोळ्या दिल्या, अर्धी हिरवी अर्धी पिवळी, कॅप्सूल. सकाळी एक खाल्ली अन् बांधीत उतरली, अन् अर्ध्या घंट्यात मायबाई, कंबर आहे का नाई तेच समजे ना. दुखणं तं गेलंच, पण मन असं खूश, कोणावर राग नाई, भूक नाई, पाणी थंड लागत नाई. त्या दिवशी मीनं दोन बायांचं काम केलं अन् गाणंबी म्हटलं. मीनं म्हटलं, हे खरं औषध.

गोळ्या सरल्या तं तेच चिठ्ठी घेऊन पुन्हा मेडिकलात गेली, त्यानं दिल्या. पुन्हा गेली, पुन्हा दिल्या. चिठ्ठी कनवटीले राहे तं घामानं, चिखलानं फाटाले आली, म्हणून मीनं काय केलं, लाखांदूरले जातीचे दाखले लॅमिनेशन करून देते ना, तिथं एसटीनं गेली अन् चिठ्ठी लॅमिनेशन करून आणली. दुकानवाला हासला, म्हणे बाई हे कायले? मीनं म्हटलं, कागद आहे माया, डॉक्टरचा, तू आपलं काम कर. कागदाची किंमत होती मले. आमच्या घरी दाखला, राशन कार्ड, सातबारा, सारे कागद पेटीत जपून ठेवत, कागद आहे तं कोणी काही करू शकत नाई, असंच आमी शिकलो. मंग ते चिठ्ठी दाखवली का मले वाटे हे मायं हक्काचं आहे. दारू लपून प्यावं लागते, हे तं चिठ्ठीची गोळी.

अन् कंबर का एकटी मायीच दुखते? साऱ्याईची दुखे. मीनं एकीले दिली, दुसरीले दिली, मंग मुकादम म्हणून डबाच ठेवला, सकाळी धुऱ्यावर चहा झाला का चहासोबत एक एक कॅप्सूल प्रत्येकीच्या हातावर. चिठ्ठी एक, खाणाऱ्या अकरा. पहिल्या साली एक, मंग दुपारी अजून एक, मंग शिदोरीच्या आधी अन् शिदोरीच्या मागून. टोळी अशी पळे का शेतकरी धुऱ्यावरून पाहत राहे. कोणी विचारलं का पंचफुलाबाई, असं काय चारता बायाईले, तं मी म्हणो, शिस्त.

आता एक नवल ऐका. रोवणा सरला का आमी साऱ्याजणी बिमार पडत होतो. नाक गळे, जांभया, अंगावर काटा, हातपाय ओढत, संडास लागे, झोप नाई. अन् आमी काय म्हणत होतो माहीत आहे? रोवणा उतरून राहिला. हो, असंच नाव ठेवलं होतं, का महिनाभर चिखलात राहिलो, अंगात गारठा भरला, तो आता उतरून राहिला. अन् एक कॅप्सूल खाल्ली का घंटाभरात साफ! मंग आमी म्हणत होतो, पाहा, गारठ्यावरबी चालते. अशानं रोवण्याची गोळी बारमाही झाली. निंदण असो, कापणी असो, काहीच काम नसो, गोळी पाहिजे. दिवस उगवला का आधी डबा. अन् पौर्णिमेले विहारात पाचवं शील, मोठ्या आवाजात. मी खोटं बोलत नव्हती म्याडम, हे समजून घ्या. मले दिसतच नव्हतं.

आता सरिता. सरिता म्हणजे मायी लहान जाऊ, देराची बायको. पवनी शहरातली, तिच्या घरी मागाचं काम नाई का शेती नाई, बाप नोकरीवाला, तिनं चिखल पाहिला तो सासरी येऊन. देराची कमाई कमी, म्हणून आली टोळीत. पहिल्याच दिवशी मागं राहिली अन् बायाईनं तिले कोंडलं. धानाच्या मधात उभी, टाळ्या वाजून राहिल्या, अन् हे पोरगी साडीचा पदर तोंडात घालून रडून राहिली. मले लय दया आली तिची. माया जीव होता तिच्यावर, लहान बहीणच समजो. दुसऱ्या दिवशी मीनंच तिच्या हातावर गोळी ठेवली, म्हटलं खाय, तुले कोणी कोंडणार नाई आता. अन् नाईच कोंडलं कोणी. तीन सालात सरिता मायाबरोबर चाले. मी कौतुक सांगो गावभर, का पाहा, शहरातली पोरगी, मीनं तयार केली.

मंग तो दिवस. श्रावण होता, ऊन-पाऊस चालू होता, पोलिसपाटलाच्या वावरात रोवणा. सरिता मायाच बाजूले. तिनं त्या दिवशी किती खाल्ल्या होत्या मले माहीत नाई, मंग तिनं सांगलं का सात. माया हातातली पेंडी सरली म्हणून मी वळली, तं सरिता उभी नाई. चिखलात पालथी. हातपाय झटके मारून राहिले अन् तोंड पाण्यात. मी उडी मारली, तिचं डोकं ओढून वर काढलं, दात बसलेले, डोळे पांढरे, नाकातोंडात चिखल. बाया बोंबलल्या. एक म्हणे मिरगी आहे, कांदा आणा, एक म्हणे चप्पल हुंगवा, एक म्हणे अंगात आलं. मीनं म्हटलं, गाडी आणा! पाटलाचा ट्रॅक्टर होता पण त्याले चिखलणीची लोखंडी चाकं, ते रोडावर चालत नाई. मंग रोडावर धावत जाऊन एक काळीपिवळी अडवली, माणसं उतरवली, अन् चिखलानं भरलेल्या आमी दोघी लाखांदूरच्या सरकारी दवाखान्यात.

डॉक्टरीण होती तिथं, लहान पोरगीच, मायी लहान बहीण शोभली असती. तिनं सुई दिली, झटका थांबला, मंग मले बाजूले घेतलं अन् विचारलं, बाई, या काही घेतात का, दारू, कसल्या गोळ्या, काहीही? अन् मी, म्याडम, मायी जाऊ तिथं खाटेवर पडली होती, अन् मी छाती काढून म्हटलं का डॉक्टर, आमच्या गावात दारूबंदी आहे, मी स्वतः अध्यक्ष आहे, आमच्या बाया कोणती नशा करत नाई. ती म्हणे, बरं, कशावरच्या गोळ्या? मीनं म्हटलं, ते एक कंबरेची आहे, पण ते चिठ्ठीची आहे. अन् कनवटीतून काढून तिले दाखवली, लॅमिनेशनवाली, पुसून.

तिनं लय वेळ पाहिली. उलटी केली, सुलटी केली. मंग म्हणे, हे तुमचंच नाव आहे का? मीनं म्हटलं, हो. या कोण? जाऊ. ही चिठ्ठी किती वर्षांची आहे, वाचता येते का तुम्हाला? मीनं म्हटलं, नाई, ते अक्षर मले येत नाई. मंग तिनं बोट ठेवलं अन् मले वाचून दाखवलं, हळू, मास्तरीण वाचते तसं. सकाळी एक, रात्री एक. चार दिवस. म्हणे, बाई, इथं चार दिवस लिहिलं आहे. अन् ही चिठ्ठी नऊ वर्षांची आहे.

चार दिवस. मी तिथं बाकावर बसली, पायातला चिखल फरशीवर वाळून राहिला होता. ते रागावली नाई म्याडम, रागावली असती तं मी भांडली असती, मले भांडता येते. ते म्हणे, गोळी वाईट नाही, ऑपरेशनवाल्याला मीसुद्धा देते, पण अंगाला तिची सवय लागते, जास्त झाली की असा झटका येतो, आणि सुटली की नाक गळतं, अंग दुखतं, संडास लागते.  मीनं विचारलं, रोवणा उतरते तसं? तिले समजलं नाई, तं मीनं सांगलं. ते म्हणे, बाई, तो रोवणा नाही, ती नशा उतरते. नशा! माया तोंडावर म्हटलं तिनं. अन् दुसरं काय म्हणणार होती ते?

सरिता वाचली. घरी आणली, देरानं काही म्हटलं नाई मले, त्याले काही माहीतच नव्हतं, अन् सरितानंही तोंड उघडलं नाई. पण मी घरी येऊन डबा घेतला अन् संडासात ओतला. मीनं म्हटलं, मी भट्ट्या फोडल्या, एवढीशी गोळी काय चीज आहे, आजपासून बंद. डॉक्टरीणनं सांगलं होतं का एकदम सोडू नका, हळूहळू, मले येऊन भेटा. मी कायले ऐकतो? पहिला दिवस निघाला. दुसऱ्या दिवशी अंग असं ओढे का पाय कुठं ठेवू. तिसऱ्या दिवशी, लिहा, हेबी लिहा, तिसऱ्या दिवशी मी ते अध्यक्ष, पायी चालत, मध्ये दोनदा बाभळीच्या आड बसत, मेडिकलात गेली, चिठ्ठी दाखवली, अन् दुकानाच्या पायरीवरच, पाणी नाई, काही नाई, कोरडी गोळी गिळली. तिथं जे वाटलं मले ते कोणा दुश्मनाले न वाटो. मीनं ज्याचे हंडे फोडले तो माणूस समोरून सायकलनं गेला, त्यानं मले नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी एसटी धरली अन् डॉक्टरीणकडं गेली. म्हटलं, नाई सुटत माया हातानं. ते म्हणे, मला माहीत होतं तुम्ही याल. सांगितलं तिनं कसं कराचं ते, दर आठ दिवसांनी थोडी कमी, तिच्याच दवाखान्यातून घ्याची, बाहेरची नाई, अन् कोणी एकानं ठेवाची, खाणारीनं नाई. मंग म्हणे, किती जणी आहात? मीनं म्हटलं, मी अन् सरिता. ते म्हणे, खरं सांगा. मीनं म्हटलं, अकरा.

आता अकराजणीले सांगाचं कसं? घरोघरी जाऊन कानात सांगलं असतं तं प्रत्येकीनं म्हटलं असतं, मी नाई बाई, मी कुठं. ठरवता ठरवता दोन महिने गेले, गोळी चालूच, अन् आश्विन पौर्णिमा आली, वर्षावासाची समाप्ती, सारं गाव विहारात, पांढऱ्या साड्या, माणसं, लेकरं. हलका, म्हणजे लवकर पिकणारा धान कापाले आला होता म्हणून बाया विळे घेऊनच आल्या, बाहेर पायरीजवळ ठेवून. पंचशील सुरू झालं. चार झाले. पाचवं आलं अन् माया तोंडातून आवाज निघे ना. उपासकानं मायाकडं पाहिलं, कारण त्याले सवय, मायाच आवाज ऐकाची. मंग मी उभी राहिली. मीनं म्हटलं, मी नऊ साल हे खोटं म्हणून राहिली. मी रोज गोळी खातो, दिवसाले आठ खातो, अन् टोळीतल्या बायाईले मीनंच चारली, सरिताले मीनं चारली, तिले मिरगी नव्हती, तिले माया गोळीनं झटका आला. हे नशा आहे, डॉक्टरनं सांगलं.

 आमचे मालक समोर बसले होते, त्यांनी मान खाली घातली, मले वाटलं संपलं, हा माणूस आता मले घरात घेत नाई. मीनं चिठ्ठी काढली अन् म्हटलं हे पाहा, हे फाडतो साऱ्याईसमोर. अन् म्याडम, ते फाटे ना! लॅमिनेशन न ते! इकडून ओढली, तिकडून ओढली, दातानं धरली. मागून एक बाई फसकन हासली, मंग दुसरी, मंग सारं विहार हासाले लागलं, अन् मी उभी रडूनबी राहिली अन् हासूनबी राहिली. मंग सरिता उठली, बाहेर गेली, आपला विळा आणला, माया हातातून चिठ्ठी घेतली अन् उभ्या उभ्या कापून तिचे तुकडे केले. अन् म्हणे, मीबी खातो. बस, एवढंच. मंग एक एक करत साऱ्या उठल्या, कोणाचा नवरा पाहत राहिला, कोणाची सासू पाहत राहिली, पण उठल्या. आमच्या मालकानं बाहेर आल्यावर मले एवढंच म्हटलं का चल, घरी चल, धान कापाचं आहे.

मंग मीनं जे केलं ते मुकादमाचंच काम केलं. रोज सकाळी विहाराच्या ओट्यावर हाजरी. दवाखान्यातल्या गोळ्या गावच्या आशा सेविकेजवळ, ते मोजून हातावर देणार, तिथंच साऱ्याईसमोर खाची, पाणी प्याचं, घरी जाचं. जे आली नाई तिच्या घरी मी अन् अजून दोघी. कोणी दार लावून बसली तं आमी बाहेर बसून गाणं म्हणत होतो, जोरात, लाजेकाजेनं दार उघडे. थंडीच्या दिवसात ते झालं, अन् काय हाल झाले ते काय सांगू, अकरा बाया अन् वस्तीत संडास चार! जिनं-तिनं आपला लोटा घेऊन रांग लावली. हासत होतो अन् कण्हत होतो. आमचे मालक माये पाय दाबत बसत, त्यांच्या हाताले फोड आले, तरी नाई म्हटलं नाई. होळीपर्यंत साऱ्याईची गोळी शून्यावर आली. मी मेडिकलवाल्याकडंबी गेली, साऱ्याईले घेऊन, म्हटलं आमच्या गावच्या बाईले नवी चिठ्ठी असल्याशिवाय गोळी दिली तं या पायरीवरून आमी उठणार नाई. तो म्हणे, तुमीच तं दाखवत होत्या चिठ्ठी. मीनं म्हटलं, हो, मीच दाखवत होती, म्हणूनच मीच सांगाले आली.

अन् पुढचा रोवणा. देवा रे, काय मंद चाललो आमी! शेतकरी म्हणाले लागले, पंचफुलाची टोळी बुढी झाली. दोन वावरं हातची गेली, दुसऱ्या टोळीनं नेली. मीनं म्हटलं जाऊ द्या. गुत्ता बंद केला, रोजीनं जातो म्हटलं, अन् घंट्या-घंट्याले धुऱ्यावर उभं राहून कंबर सोडाची, हे आधीच कबूल करून घ्याचं. एकानं वाद घातला तं मीनं त्याले मागच्या सालची बांधी दाखवली, म्हटलं आठव, तवा आमी पळत होतो तं तुयं किती रोप तरंगून वर आलं होतं? गोळीच्या भरात हात पळे पण रोप खोल बसत नव्हतं. आता माया बायाईचं एक रोप तरंगत नाई, पैज लाव. त्यानं रोजी कबूल केली. त्याच साली मी मागं राहिली अन् सरितानं मले कोंडलं. मले! पंचफुलाले! साऱ्या धुऱ्यावर टाळ्या वाजवत, अन् मी धानाच्या मधात उभी, हात कंबरेवर, अन् मले असं हासू आलं का पाण्यात बसली.

आता सारं गोडच झालं असं नाई. एकजण अजून खाते. नाव नाई सांगत. लाखांदूरहून आणते का कुठून आणते, मले दिसते तिच्या डोळ्यात. टोळीतून काढली नाई मीनं तिले, तिची पात रिकामी ठेवतो, आली का उभी करतो. सरिताचा बाप मेला तवा सरितानंबी पुन्हा खाल्ल्या, चार दिवस, पण पाचव्या दिवशी आपल्या पायानं येऊन सांगून गेली. अन् मायं म्हणाल तं पहिल्या दिवशी बांधीत पाय ठेवला का अंग अजून मागते. मी म्हणतो माग, तुले मागाचं आहे तं माग. इतकी सालं झाली, दिली नाई. हे मले शालीपेक्षा मोठं वाटते, खरं सांगतो. भट्टी फोडली ते दुसऱ्याची होती.

यंदा मुकादम सरिता आहे. मीच म्हटलं, तू हो. अन् पहिल्याच दिवशी ते मले म्हणे, जाऊबाई, तुमी वाकू नका, पेंड्या फेका. मले राग आला, मंग फेकल्या. दुपारी धुऱ्यावर शिदोरी सोडली, आमी दोघीच होतो, तं जे मी इतकी सालं विचारू शकली नाई ते विचारलं. मीनं म्हटलं, सरिता, तुले गोळी मीनं दिली होती, तुले माया राग येत नाई का वं? तिनं घास खाल्ला, पाणी पेलं. म्हणे, येते न. काहून नाई येणार, दर साली रोवणा लागला का येते. मंग म्हणे, पण जाऊबाई, त्या दिवशी मायं तोंड पाण्यात होतं, अन् तुमीच काढलं. मीनं म्हटलं, दोन्ही मीच केलं. ते म्हणे, हो, दोन्ही तुमीच केलं, आता जेवा, मंग पाटलाची दुसरी बांधी आहे.

जेवली मी. लिहिलं न तुमी सारं? तुमचं भलं होवो म्याडम, लेकराबाळात सुखी राहा, अन् कंबर दुखली का मले सांगा, पण गोळी मागू नका.